नन्ना कलम

जिन्यात पावलं वाजली आणि मी बोलता बोलता थांबले. समोर बसलेली मुलगीही थांबली. ती संसदेच्या समितीच्या कचेरीतून आली होती, तिशीची असेल, मांडीवर कागदांची चळत. पावलं पहिला मजला चढून आली, दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"कोणी येतंय का?" तिने विचारलं.

"नाही. खालचे असतील," मी म्हटलं.

खालचे नव्हते. खालचं बिऱ्हाड कधीच घर सोडून गेलं होतं आणि दाराला कुलूप होतं. पण हे तिला सांगून काय करणार. त्याच वळणावर हे गेले, बटाट्यांची पिशवी हातात धरून. लिफ्ट असताना जिन्याने चढायचे, कारण लिफ्ट अडकली तर काय, हा विचार ह्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. तेव्हापासून संध्याकाळी मी कामावरून येऊन चहा टाकला की पावलं तिथवर येतात. सुरुवातीला मी दार उघडून बघायची. मग बघायचं सोडलं. भीती वाटते म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी दार उघडलं म्हणून ती यायचीच बंद होतील, असं वाटायला लागलं.

मुलीने मला कायदा समजावून सांगितला. तिला वाटलं असावं, मला काही ठाऊक नसेल. मोठी बँक बुडायला लागली की कुठल्याही सरकारला ती बुडू देता येत नाही, कारण तिच्याबरोबर अर्धा देश बुडतो. आणि हे त्या बँकेला पक्कं माहीत असतं, म्हणून ती नको तिथे उडी मारते. आता नवा कायदा येत होता. मोठ्या बँकांनी स्वतःच्या खिशातला पैसा जास्त राखून ठेवायचा, लोकांच्या ठेवी सट्ट्यात लावायच्या नाहीत, वगैरे. त्यावर दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने घसे कोरडे पडले होते. आणि एक कलम अगदी नवं होतं. बँकेतला जोखीम पाहणारा अधिकारी एखाद्या व्यवहाराला नाही म्हणाला, तर सरकारच्या देखरेख खात्याला विचारल्याशिवाय बँकेने त्याला त्याच्या जागेवरून हलवायचं नाही.

"पेपरवाले त्याला नन्ना कलम म्हणतात," ती म्हणाली आणि ओशाळली. "म्हणजे ते नाव आम्ही दिलेलं नाही."

"ह्यांचं ऑफिसातलं टोपणनाव आहे ते," मी म्हटलं. "ह्यांना ठाऊक होतं. आवडायचंही थोडंसं."

तिला माझी पाच मिनिटं हवी होती. समितीपुढे यायचं आणि माणूस कसा होता तेवढं सांगायचं. आकडेवारी सांगायला तज्ज्ञ होते, पण आकड्यांनी कोणाचं मन वळत नाही, असं ती म्हणाली. मी विचार करून कळवते म्हटलं. ती गेली तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तिच्या चपलांचा आवाज ऐकला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती जराही न अडखळता उतरून गेली.

* * *

हे म्हणायचे, मला नाही म्हणण्याचा पगार मिळतो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, बँकेत नेमकं करता काय. ह्यांनी सांगितलं, लोक चांगल्या चांगल्या कल्पना घेऊन येतात आणि त्या कशाने फसतील ते मी शोधतो. वडील घरी आल्यावर आईला म्हणाले, पोरगी सुखात राहील का ते सांगता येत नाही, पण सुरक्षित राहील.

सुरक्षित राहिले मी. गॅसचं बटण ह्यांनी पाहिलेलं असायचं, कुलूप ओढून बघितलेलं असायचं, आणि बस स्टॉपवर पोचल्यावर ते पुन्हा ओढायला हे परत आलेले असायचे. नाटकाला गेलो तर दाराजवळच्या खुर्च्या. लख्ख उन्हात छत्री. मी चिडले की स्वतःच हसायचे. "अगं, मी घाबरतो म्हणून तू बिनधास्त आहेस," म्हणायचे. दाढी करताना गुणगुणायचे, तेही एकच ओळ, पुढची चुकेल म्हणून.

आम्हाला मूल झालं नाही. आई-वडील पाठोपाठ गेले आणि माझा धाकटा भाऊ शाळेचं दप्तर घेऊन आमच्याकडे राहायला आला. त्याला आम्ही दोघंही धाकट्याच म्हणायचो. ह्यांनी त्याला सायकल शिकवली, म्हणजे कॅरिअर धरून मागे पळत राहिले. महिना झाला तरी सोडायला तयार नाहीत. शेवटी एका सकाळी हे अंघोळीला गेलेले बघून तो सायकल घेऊन निघून गेला आणि गुडघे फोडून, पण चालवत, परत आला. ह्यांनी त्याच्या गुडघ्याला औषध लावलं आणि स्वतः दिवसभर जेवले नाहीत. धाकट्या मोठा झाला, चष्म्याचं काम शिकला, बाजाराच्या रस्त्यावर त्याने छोटं दुकान टाकलं. काचा तो स्वतः घासायचा. पहिला चष्मा त्याने ह्यांना करून दिला. जुना नंबर चुकीचा होता हे तेव्हा कळलं. हे गच्चीवर जाऊन कितीतरी वेळ लांबच्या झाडांकडे बघत बसले होते.

बँक तोवर फुगत चालली होती. लहान लहान बँका गिळत होती, नवीन साहेब आले होते, इमारतीला काचा लागल्या होत्या. ह्यांचं विभागात वजन होतं. नन्नाने हो म्हटलं म्हणजे झोपायला हरकत नाही, असं साहेबही हसत हसत म्हणायचे. मग एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना हे माझ्यापाशी आले आणि पाण्याच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

"समज," म्हणाले, "ह्या टाकीवर सगळ्या बिल्डिंगचे नळ आहेत. नळ सोडला की पाणी येतं, म्हणून कोणी वर येऊन बघत नाही. आणि आपण ह्यातलं पाणी वीस वर्षांच्या बोलीवर पलीकडच्या बिल्डिंगला देऊन बसलोय. रोज वरून थोडं नवीन पडतं, त्यावर चाललंय. सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर काय होईल?"

"पाणी नाही येणार."

"आधी हवा येते," हे म्हणाले. "नळातून नुसता आवाज येतो. ऐकलायस कधी?"

त्या आठवड्यात ह्यांनी मोठ्या बैठकीत नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात बढती मिळाली. विशेष सल्लागार असं पद, पगार थोडा वाढला आणि बसायची जागा मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत, जिथे बँक आपले जुने कागद ठेवायची. टेबल होतं, फोन होता. फोन वाजत नसे. पूर्वी लांबूनही कोणीतरी, काय नन्ना, अशी हाक मारायचं. आता ती हाक बंद झाली, असं हे एकदा सहज बोलल्यासारखे बोलले.

तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि ठरलेल्या वेळेला यायचे. कधी दिव्याच्या बटणावर हात ठेवून तसेच उभे राहायचे. मी हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा. माझ्या घरात भूत हे गेल्यावर आलं असं लोकांना वाटेल. खरं तर हे असतानाच ते घरात वावरत होतं, आमच्याबरोबर जेवत होतं.

* * *

धाकट्या एका रविवारी दुपारी जेवायला आला तो आनंदात होता. काचा कापायचं नवं मशीन घ्यायचं म्हणून त्याने पैसे जमवले होते, दुकानावर कर्जही काढलं होतं. पण मशीन परदेशातून यायला वर्ष लागणार होतं. तोवर पैसे नुसते का पडू द्यायचे. ह्यांच्याच बँकेच्या शाखेतल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने त्याला बाँड सुचवले होते. ठेवीपेक्षा व्याज जास्त, आणि बँक इतकी मोठी की ती बुडायची म्हणजे सूर्य उगवायचा थांबायचा.

"भाऊजी, ठेवू ना?" त्याने विचारलं. "तुमची बँक आहे, म्हणून विचारतो."

ह्यांनी घास खाली ठेवला. उठले, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायले. मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, आता वळतील आणि म्हणतील. जन्मभर जो शब्द म्हणत आले तो म्हणतील.

"बघू," हे म्हणाले.

बस, एवढंच. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता. पण ह्यांच्या तोंडून नाही आलं नाही म्हणजे हो, हे धाकट्याने लहानपणापासून पाहिलं होतं. सहलीला जाऊ का, नाही. मित्राची मोटारसायकल घेऊ का, नाही. दुकान टाकू का, म्हटल्यावर हे बघू म्हणाले होते आणि तो नाचला होता. तो खुशीत दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला.

तो गेल्यावर ताटं पुसताना मी विचारलं, सांगितलं का नाही. ह्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि एकच ताट पुसत राहिले.

"मी नाही म्हटलं असतं तर तो गप्प बसला असता का?" म्हणाले. "शेजारच्या दुकानदाराला सांगितलं असतं. त्याने आणखी कोणाला. बँकेतला माणूस स्वतः म्हणतोय, असं. संध्याकाळपर्यंत दारात रांग लागली असती, आणि मग जी बँक कदाचित तरली असती ती नक्की बुडली असती."

"पण आपला धाकट्या वाचला असता."

"हो. तो वाचला असता." ताट उलटं करून मागची बाजू पुसली. मग म्हणाले, "सही केलीय मी. आतलं बाहेर बोलायचं नाही म्हणून. आपलेही पैसे तिथेच आहेत, मी ते काढले नाहीत. तेवढं तर तू बघतेसच."

जणू त्याने वजन बरोबर होत होतं. मी फडकं काढून घेतलं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून ह्यांनी धाकट्याचा चष्मा घालणं सोडलं आणि कपाटातून जुना, चुकीच्या नंबरचा, काढला.

बँक पडली तेव्हा सगळं आठवड्याभरात आटोपलं. दाराशी रांगा, टीव्हीवर रांगा, काचांच्या इमारतीपुढे पोलीस. सरकारने बँक वाचवली. ठेवी वाचल्या, इमारत वाचली, साहेब थोडे दिवस दिसेनासे झाले आणि दुसरीकडे साहेब झाले. बाँड मात्र शून्य झाले, कारण बाँड म्हणजे ठेव नव्हे असं कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं होतं. कर्ज होतं, मशीन येणार नव्हतं. दुकान गेलं.

धाकट्या आला आणि दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटलं, तो आला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

हे खुर्चीतून उठले. खोटं बोलता आलं असतं, मला कुठे काय कळत होतं, मला तर कधीच बाजूला टाकलं होतं, असं म्हणता आलं असतं, आणि त्यात थोडं खरंही होतं.

"हो," हे म्हणाले.

धाकट्याने मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाने नंबर सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा तशी. आणि जिना उतरून गेला. त्यानंतर तो परत आला तो थेट हे गेल्यावर, ह्यांना पोचवायलाच. गर्दीच्या पलीकडे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उभा होता. मी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत निघून गेला होता. कोणीतरी सांगितलं, तो बेकरीत कामाला लागलाय, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी फोन केले, त्याने घेतले नाहीत. नंतर तो नंबरच बंद झाला.

* * *

समितीचं दालन मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. लांब टेबल, पाण्याचे पेले, कोपऱ्यात टीव्हीवाल्यांचा कॅमेरा, प्रत्येकापुढे छोटा माईक, बोलायला लागलं की त्यावर लाल दिवा. मला भिंतीशी बसवलं होतं. माझ्या आधी मोठ्या बँकांच्या संघटनेचे वकील बोलले. गोरेपान, हळू आवाजाचे गृहस्थ. नियम फार आवळले की कर्ज महाग होतं, ते म्हणाले, आणि कर्ज महाग झालं की मोठ्यांचं काही बिघडत नाही, कोपऱ्यावरचा दुकानदार मरतो. ते मला पटलं. मग ते म्हणाले, बँकांच्या आत जागरूक माणसं नसतात असं कोण म्हणतं. ह्याच बँकेत एक निर्भीड अधिकारी होता, त्याने वेळीच इशारा दिला होता. म्हणजे यंत्रणा होती. नवा कायदा कशाला हवा?

समोरून पिकल्या केसांच्या एक सदस्य बाई उठल्या. आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, त्याच निर्भीड अधिकाऱ्याला त्याच यंत्रणेने रद्दीच्या खोलीत नेऊन बसवलं आणि तो तिथे झिजून मेला. हे कलम म्हणजे त्याचं स्मारक असेल. तेही मला पटलं.

दोघं ह्यांच्याबद्दलच बोलत होते आणि मला एकही ओळखीची गोष्ट ऐकू येत नव्हती. ह्यांना दोन्हीकडून धरून कोणी ओढतंय असं मला वाटत होतं. निर्भीड हा शब्द आला की मी चमकायची. झुरळ निघालं तर हे पलंगावर चढून मला हाक मारायचे.

माझं नाव पुकारलं. अध्यक्ष म्हणाले, सावकाश बोला बाई. समोरचा लाल दिवा लागला. मी घरून काहीबाही ठरवून आले होते, शिस्तीचा माणूस, साधा माणूस, असं. त्यातलं काही तोंडात येईना.

"माझे पती निर्भीड नव्हते," मी म्हटलं. "घाबरट होते. म्हणूनच ते काम त्यांना जमत होतं."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. मग मी त्यांना धाकट्याचं सांगितलं. सायकलचं सांगितलं नाही, चष्म्याचं सांगितलं नाही; ते माझं होतं. माझ्या भावाने जेवताना विचारलं, ह्यांना माहीत होतं, आणि हे बघू म्हणाले, एवढंच सांगितलं. बोलताना माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. त्या मुलीने, जी मला बोलवायला आली होती, पेन खाली ठेवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

वकिलांनी परवानगी घेऊन विचारलं. त्यांचा स्वर खरोखरच मऊ होता. "म्हणजे त्यांनी गोपनीयता पाळली. एका घरासाठी हजारो घरं धोक्यात घातली नाहीत. हे तर कर्तव्यच झालं, नाही का?"

"ते तसंच म्हणायचे."

"मग चुकलं कुठे?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे आले नसते," मी म्हटलं. "बँक वाचली. माझा भाऊ बुडाला. आणि जे वाचवायला गेले तेही राहिले नाहीत. तुम्ही म्हणता यंत्रणा होती. होती ना. ती आमच्या घरी रोज जेवायला होती. तिला घास गिळवत नव्हता."

पिकल्या केसांच्या बाईंनी माईक ओढला. "हे कलम तेव्हा असतं, तर ते भावाला बोलले असते?"

त्यांना माझ्याकडून हो हवं होतं. ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि बाई भल्या होत्या. द्यावं असं मलाही क्षणभर वाटलं.

"भावाला नसते बोलले," मी म्हटलं. "पण बोलायची पाळी भावापाशी आली नसती कदाचित. ऑफिसातला नकार ऑफिसातच ऐकला गेला असता. तो नकार बाहेर कुठे न्यायची सोय नव्हती, म्हणून ते घरी घेऊन यायचे. घरी त्याचं काय करायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं."

अध्यक्षांनी आभार मानले. दिवा विझला. माझ्यानंतर एक तज्ज्ञ आले आणि भांडवल किती टक्के असावं यावर बोलायला लागले. एक टक्का इकडे की तिकडे यावर वाद पेटला आणि सगळे सुटल्यासारखे पुढे सरसावून बसले. मी चहाला थांबले नाही.

घरी आले तेव्हा उजेड होता. पाणी उकळायला ठेवलं आणि पावलं आली. पहिला मजला, मग वळण. मी दाराच्या आतूनच म्हटलं, "सांगून आले मी. सगळं सांगितलं, तुम्हाला आवडणार नाही असंही." बाहेर काही हललं नाही. पाणी उकळून आटेपर्यंत मी दाराला टेकून उभी होते. एवढ्या वर्षांत मला ह्यांचा राग आला नव्हता, नुसती दया आली होती. त्या संध्याकाळी राग आला. दाराच्या इकडे उभी राहून मी रागाने थरथरत होते, आणि ते थांबेपर्यंत पावलंही हलली नाहीत.

पेपरात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी होत्या. काही आठवड्यांनी त्या मुलीचा फोन आला. कायदा होतोय, ती म्हणाली. टक्के थोडे कमी झाले. नन्ना कलम राहिलं, पण शब्द बदलले. आता बँकेने अशा अधिकाऱ्याला हलवताना देखरेख खात्याला विचारायचं नाही, नुसतं कळवायचं. मग म्हणाली, पण राहिलं. मी म्हटलं, हो, राहिलं ना.

* * *

मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं टोकन घेऊन बाकावर बसतात, मी हाक मारते, ती खुर्चीत बसून हात पुढे करतात. चेहऱ्यांकडे मी फारसं बघत नाही. हात बघते. शीर कुठे आहे, सहज सापडेल की लपलीय. इतक्या वर्षांत असं झालंय की रस्त्यात भेटलेलं माणूस ओळखू येत नाही, पण हात आठवतो.

त्या सकाळी गर्दी होती. मी पुढचं टोकन म्हटलं, खुर्ची सरकली, मी नळीवर चिठ्ठी चिकटवत होते.

"ताई," तो म्हणाला.

मी वर बघितलं. केस बरेच गेले होते. चेहरा भाजल्यासारखा तांबूस. बेकरीचा मालक सगळ्यांची तपासणी करून घेतोय, त्याने सांगितलं, तिकडे जवळही लॅब आहेत पण इथे आलो. का आलो ते सांगितलं नाही. मग शर्टाच्या बटणाशी खेळत म्हणाला, भट्टीजवळ टीव्ही असतो, दुपारी मालक बातम्या लावतो. एवढंच बोलला. मागे बाकावर कोणीतरी खोकलं.

लहानपणी सुई म्हटलं की तो बेशुद्ध पडायचा.

"दुसरीकडे बघ," मी म्हटलं.

"नको. चालेल."

त्याने बाही वर केली. पोरसवदा, गोरे, काचेच्या पुडीने पांढरे झालेले त्याचे हात माझ्या डोळ्यांपुढे होते. हा हात मी ओळखला नसता. मनगटापासून कोपरापर्यंत आडव्या पट्ट्या होत्या, भट्टीच्या तोंडाशी, तापलेल्या पत्र्यांना लागून भाजलेल्या. जुन्या काळपट, काही तपकिरी, एक अगदी कालची, गुलाबी, अजून ओली. मी रबरी पट्टा हातात घेऊन तशीच बसले.

"दुखतं का रे?"

"नवीन असलं की थोडं."

मी कोपराच्या खळग्यात बोटाने चाचपून बघितलं. तिथली कातडीही जाड झाली होती. शीर लागेना.

"बस बाबा, घाई नाही," मी म्हटलं. "दुसरा हात दाखव."

"ह्याच हातातून काढ," धाकट्या म्हणाला. "तो ह्याच्यापेक्षा वाईट आहे."

मी पट्टा बांधला. त्याने मूठ आवळली.